चिवडीला ‘जा’ म्हणताना

चिवडी झोपाळ्यावर उडी मारत असे ती झोपाळा हलत असताना. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दिवाणखान्याच्या मधोमध सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा जुना झोपाळा आहे. बडोद्यातल्या मराठी घरांनी गुजरातकडून जे जे मनापासून आपलेसे केले, त्यात हा झोपाळा पहिला धरावा लागेल. फळी पुढे येण्याची वेळ चिवडी मान किंचित हलवून जोखत असे आणि नेमक्या क्षणी, पंजांचाही आवाज न होता, वर येऊन बसत असे. सोळाव्या वर्षी ती झोपाळा थांबण्याची वाट पाहू लागली. सतराव्या वर्षी ती फळीवर एक पुढचा पाय ठेवून माझ्याकडे बघू लागली आणि मी तिला उचलून वर ठेवू लागले. त्यानंतर काही महिन्यांनी तिने तो पाय ठेवणेही सोडले आणि दुपारी झोपाळ्याखालच्या सावलीत बसू लागली. मी हे सारे पाहत होते आणि त्याला ‘वय झाले’ एवढेच म्हणत होते. त्यातले किती वय होते आणि किती दुखणे, हे मला पुढे कळले.

ती आमच्याकडे आली जुलै २००७ मध्ये. पावसाची झड लागली होती. रावपुऱ्याकडून घरी येताना एका बंद दुकानाच्या ओट्याखाली, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ती एकटीच ओरडत होती. डोळ्यांचा निळा रंग अजून पुरता गेलेला नव्हता, म्हणजे ती फार तर दीड महिन्याची असावी. मी तिला ओढणीत गुंडाळून घरी आणले तेव्हा सासूबाई देवापुढे वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हा तर आपल्या बडोद्याचा चिवडा!” आमच्या बडोद्याचा चिवडा म्हणजे कुरकुरीत पोह्यांचा नव्हे, बटाट्याच्या किसाचा, हरभऱ्याच्या डाळीचा, मनुका पेरलेला ओलसर लीलो चेवडो. पिल्लाच्या पांढऱ्या अंगावर तांबूस आणि काळे ठिपके तसेच वाटेल तिथे विखुरलेले होते. अशी तीनरंगी मांजरे जवळजवळ सगळी मादीच असतात, कारण तांबूस रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि एकाच अंगावर काळा व तांबूस असे दोन्ही रंग उमटायचे तर एक्स गुणसूत्रे दोन लागतात. सासूबाईंना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी पहिल्या दिवसापासून तिला ‘चिवडी’ असेच हाकारले.

त्यांचे सोवळे कडक होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या तिला “जा, बाहेर बस” म्हणत आणि ती खरोखरच बाहेर बसत असे, पुढचे दोन्ही पाय उंबऱ्याला टेकवून. असे नऊ वर्षे चालले. २०१६ साली सासूबाई गेल्या. तेराव्यानंतर एका सकाळी चिवडी उंबरा ओलांडून आत आली, ओट्याखाली आणि पाटाभोवती हुंगत फिरली आणि परत बाहेर जाऊन आपल्या जुन्या जागी बसली. त्यानंतर मी तिला कितीतरी वेळा आत बोलावले. ती आली नाही.

मांजर असलेल्या घराला बडोद्याचा जानेवारी महिना जपून काढावा लागतो. उत्तरायणाचे दोन दिवस अख्खे गाव गच्चीवर असते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर, गॅलरीच्या कठड्यांवर मांजा लोंबत राहतो. मांजराला हलणाऱ्या दोऱ्याइतके दुसरे काही प्रिय नसते आणि त्याच्याइतके घातकही फार थोडे असते. मांजराच्या जिभेवरचे बारीक काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहजी बाहेर टाकता येत नाही. तो गिळला जातो, त्याचे एक टोक कुठेतरी अडकून बसते आणि उरलेल्या दोऱ्यावर आतड्याच्या चुण्या पडत जातात, नाडी ओढलेल्या लेंग्यासारख्या. आमच्या डॉक्टरबेननी पहिल्याच वर्षी हे मला समजावून सांगितले होते. तेव्हापासून दर वर्षी संक्रांत झाली की मी गच्ची, गॅलरी आणि परसातल्या पारिजातकाच्या फांद्या पाहून दोऱ्याचा एकेक तुकडा वेचत असे. सतरा वर्षे वेचले.

मार्च २०२४ मध्ये माझ्या लक्षात आले की तिचे पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे लागत आहे. उन्हाळा लागला असेल, असे मला वाटले. मग एकदा तिला उचलताना पाठीचे मणके बोटांना मोजता आले आणि मी तिला डॉक्टरबेनकडे नेले. त्यांचा दवाखाना नदीपलीकडे, अलकापुरीच्या बाजूला आहे. एके काळी ३ किलो ८०० ग्रॅम भरणारी चिवडी त्या दिवशी २ किलो ९०० भरली. रक्तातले क्रिएटिनिन ३.४ आले. मूत्रपिंडाचा जुना आजार, तिसरी पायरी. एकूण पायऱ्या चार. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार फार आढळतो. तो उशिरा का कळतो याचेही कारण त्यांनी सांगितले: मूत्रपिंडाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्ताच्या त्या तपासणीत काही दिसतच नाही. घरोघरच्या मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरे होती. थोड्या पाण्यात भागवायचे, लघवी घट्ट करून शरीरातले पाणी राखायचे, हे त्यांच्या मूत्रपिंडांचे खास सामर्थ्य. म्हातारपणी तेच सर्वांत आधी ढळते. मग लघवी पातळ होते, पाणी अंगात ठरत नाही आणि मांजर सारखे भांड्याशी जात राहते. मी ज्याला उन्हाळा समजले होते ते हे होते.

बरे होणार नाही, पण सुखाने काही काळ काढता येईल, असे डॉक्टरबेन म्हणाल्या आणि त्यांनी मला कातडीखाली सलाईन द्यायला शिकवले. आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनची, अर्ध्या लिटरची बाटली, नळी आणि सुई. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, कारण थंड पाणी अंगात शिरले की मांजर दचकते. मानेमागची, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तिचा तंबू झाला की तंबूच्या तोंडाशी सुई घालायची आणि शंभर मिलिलिटर जाऊ द्यायचे. त्या जागी पाण्याचा उंटासारखा उंचवटा येतो, हळूहळू एका खांद्याकडे उतरतो आणि रात्रीपर्यंत अंगात जिरून जातो. पहिल्या दिवशी माझा हात इतका कापला की सुई कातडीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सगळे सलाईन माझ्या मांडीवर सांडले. चिवडी मात्र हलली नाही. ती त्या जागी धरले की हलतच नसे.

न हलण्याचे कारण जुने आहे. मांजरी आपल्या पिल्लाला उचलते ती नेमकी तिथेच, आणि उचलले की पिल्लू अंग सैल सोडते, पाय पोटाशी घेते. आपल्या भक्तिशास्त्रात यावरून दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचे पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तो मर्कटन्याय. तिथे अर्धा भार पोराच्या हातांवर असतो. मांजराचे पिल्लू काहीच करत नाही, आई नेईल तिकडे जाते, तो मार्जारन्याय. श्रीवैष्णवांमधील दोन पंथ याच दृष्टान्तांवरून ओळखले जातात. लहानपणी कीर्तनात ऐकले तेव्हा मार्जारन्याय मला फार गोड वाटला होता, कारण मी तो पिल्लाच्या बाजूने ऐकला होता. एप्रिलपासून एक दिवसाआड संध्याकाळी सात वाजता ती कातडी चिमटीत धरताना मला तो पहिल्यांदा उचलणाऱ्याच्या बाजूने कळू लागला. पिल्लू काही ठरवत नाही. कुठे न्यायचे, कुठे ठेवायचे आणि केव्हा सोडायचे, हे सगळे दातांत धरणाऱ्यावर येते.

ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. पूल बंद झाले, वीज गेली, वस्त्यांत मगरी शिरल्याचे फोटो फोनवर येऊ लागले. आमचे घर पहिल्या मजल्यावर असल्याने आम्ही कोरडे होतो, पण दवाखाना नदीच्या पलीकडे आणि घरात सलाईनची एकच बाटली. यांनी टॉर्च धरला, मी गॅसवर पातेल्यात पाणी कोमट केले आणि त्या एका बाटलीत आम्ही मोजून दिवस काढले, शंभरच्या जागी साठ मिलिलिटर देऊन. खाली गल्लीत लोक एकमेकांना दूध आणि मेणबत्त्या पोचवत होते. शेजारच्या बा, ज्यांनी मांजराला आजवर हात लावलेला नव्हता, त्या दाराशी येऊन रोज विचारत, “चिवडीने केम छे?” त्या दिवसांची आठवण मला दुःखाची वाटत नाही. करण्यासारखे काहीतरी हातात होते.

दिवाळीपर्यंत ती बरी होती. सकाळच्या उन्हात बसत होती, अंग चाटत होती, पुण्याहून मुलगी आली तेव्हा तिच्या मांडीवर तासभर गुरगुरली. डिसेंबरात मात्र उतार एकदम तीव्र झाला. वजन २ किलो १०० ग्रॅम आणि क्रिएटिनिन ७.८; पाचच्या पुढे चौथी पायरी सुरू होते. सर्वांत आधी तिने अंग चाटणे सोडले. आयुष्यभर जिचे पांढरे अंग धुतल्यासारखे असे, तिच्या कमरेशी केसांचे गोळे दिसू लागले, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. कोणी सुचवले की दुखत असेल तर तापाच्या गोळीचा चतुर्थांश तुकडा द्यावा. इथे थांबून सांगते, कारण हा सल्ला बऱ्याच घरांत दिला जातो: पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याचे यकृत ते पचवून बाहेर टाकू शकत नाही आणि एखादी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

मग तिने खाणे सोडले. यावर आमच्या मजल्यावर जे बोलणे झाले ते मला आजही जसेच्या तसे आठवते. बा जैन आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या चिवडीजवळ पाटावर बसल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “एणे तो संथारो लीधो छे, बेन. हवे एने हेरान ना करो.” संथारा म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचे जैन व्रत. मग त्यांनी चंडकौशिक नागाची गोष्ट सांगितली. महावीरांना डसलेला तो नाग त्यांच्या बोधाने शांत झाला, त्याने अन्न सोडले, अंगावर मुंग्या चढल्या तरी तो हलला नाही आणि तसाच देह ठेवून सद्गतीला गेला. बा हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि चिवडीविषयी असा आदर होता, जसा त्या एखाद्या साध्वीविषयी बाळगतील. माझ्या मनाला त्या बोलण्याचा फार आधार वाटला. आपल्याकडेही प्रायोपवेशन आहे. विनोबा याच बडोद्यात वाढले, इथल्या शाळेत शिकले, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध नाकारून १५ तारखेला देह ठेवला. दोन दिवस मी हाच विचार धरून राहिले की चिवडीने आपले आपण ठरवले आहे आणि मला फक्त शेजारी बसायचे आहे.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिले. ती भांड्याशी जात होती. पाय लटपटत असताना उठून जात होती, वास घेत होती, ओठ चाटत होती, मान फिरवत होती, दोन पावले मागे येऊन बसत होती आणि पुन्हा जात होती. त्या सकाळी मी मोजले, ती अकरा वेळा गेली. ज्याने व्रत घेतले तो ताटाशी अकरा वेळा येत नाही. मूत्रपिंडे रक्तातली घाण बाहेर टाकेनाशी झाली की सारखी मळमळ होते, हिरड्यांना आणि जिभेला फोड येतात. ओठ चाटणे ही त्या मळमळीचीच खूण असते. तिला भूक होती आणि खाता येत नव्हते. विनोबांना ‘नको’ म्हणता येत होते आणि त्यांनी ते म्हटले होते. चिवडीने ‘नको’ म्हटलेले नव्हते. ते मी तिच्या तोंडी घातले होते, कारण त्यामुळे निर्णय माझ्याकडून तिच्याकडे जात होता. बांच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहील. पण त्या श्रद्धेच्या आड मी लपत होते, हे मला त्या भांड्याशेजारी बसून मान्य करावे लागले.

डॉक्टरबेनना फोन केला. त्यांनी मळमळीवरचे औषध वाढवले, त्याने चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “बेन, हवे सुवडावी दइए.” आता झोपवू या. मला हा शब्द तेव्हाही रुचला नाही आणि आजही रुचत नाही. चिवडी रोज दुपारी झोपाळ्यावर झोपत असे. जे करायचे होते ते झोपवणे नव्हते. पण दुसरा शब्द माझ्याही तोंडून निघेना. सासूबाईंचे एक वाक्य मनात घोळत होते: मांजर मारल्याचे पाप सोन्याचे मांजर करून काशीला वाहिल्याशिवाय फिटत नाही. त्या हे आम्हाला मांजराला लाथाडू नये म्हणून सांगत, हे मला कळत होते. तरीही रात्री दोन वाजता असे वाक्य आठवले की ते कशासाठी सांगितले होते याचा विचार होत नाही. यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पाप असेल तर दोघांत अर्धे अर्धे घेऊ.”

दिवस ठरवताना मात्र माझ्याकडून चूक झाली, आणि ती इथे लिहिली पाहिजे. तो जानेवारीचा दुसरा आठवडा होता. डॉक्टरबेन १३ तारखेला यायला तयार होत्या. मी म्हणाले, उद्या संक्रांत आहे, सणाच्या तोंडावर नको. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत, करिदिन, तोही नको. असे करत गुरुवार, १६ जानेवारी २०२५ ठरला. त्या तीन दिवसांत चिवडीला काय मिळाले? गच्च्यांवरचे ध्वनिवर्धक, थाळ्यांचा आणि पिपाण्यांचा आवाज, दर मिनिटाला उठणारे “काप्यो छे!” आणि मळमळ. मी तिला मागच्या खोलीत नेऊन खिडक्या लावल्या, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले. ती तिथे राहिली नाही. सरपटत, भिंतीला टेकत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि तिथे निजली. मी तिच्याखाली सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची घडी घातली. मांजराला संक्रांत नसते आणि करिदिनही नसतो. ते तीन दिवस मी पंचांगाला दिले, आणि ते तिच्या वाट्याचे होते.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबेन घरी आल्या. तिला पिशवीत घालून पुलावरून न्यायचे नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर ‘मालक’ या शब्दापुढे सही करायची होती. सतरा वर्षांत मी तिची मालकीण आहे असे मला एकदाही वाटले नव्हते, पण त्या एका सहीपुरती मी होते, म्हणून केली. पुढे काय होईल ते त्यांनी मला आणि यांना क्रमाने सांगितले. आधी गुंगीचे इंजेक्शन. दहा मिनिटांत ती आपल्या भानावर राहणार नाही. मग पुढच्या पायाच्या शिरेतून दुसरे, ज्याने श्वास आणि हृदय थांबेल. डोळे मिटणार नाहीत, मांजराचे मिटत नाहीत. त्याने घाबरू नका. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखा भास होईल, तो श्वास नसतो. असे आधी सांगणारी माणसे मला देवासारखी वाटतात. पुढच्या अर्ध्या तासात यातली प्रत्येक गोष्ट झाली आणि एकीनेही मला फसवले नाही.

गुंगी चढेपर्यंतची दहा मिनिटे आमची होती. मी उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर बसले होते आणि माझा हात तिच्या मानेमागच्या त्या सैल कातडीवर होता. काहीतरी बोलावे असे वाटत होते आणि शब्द सापडत नव्हता. आपली भाषा इथे मोठी हळवी आहे. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. कुणी चुकून ‘जातो’ म्हणाले तर वडीलधारी माणसे लगेच टोकतात, ‘येतो म्हणावे.’ गुजरातीतही तेच. दारापर्यंत सोडायला आलेला माणूस ‘आवजो’ म्हणतो, या म्हणतो. या शहराच्या दोन्ही भाषा निरोपाच्या वेळी परत येण्याचेच बोलतात. पण चिवडी परत येणार नव्हती आणि तिला ‘ये हं’ म्हणणे मला खोटे वाटले. आम्ही तिला पाठवत होतो. तिने मागितलेले नसताना, तिला बरे वाटावे म्हणून, आमच्या हाताने पाठवत होतो. मग मला आठवले की ‘जा’ हा शब्द तिच्या ओळखीचा आहे. तिने तो याच जागी ऐकला होता, याच उंबऱ्यावर, नऊ वर्षे, आणि त्यात तिला कधी राग ऐकू आला नव्हता. मी खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाले, “जा, चिवडी. जा आता.” तिचा कान किंचित हलला. माझ्या आवाजाने हलला की श्वासाने, हे मला सांगता येणार नाही.

डॉक्टरबेननी नळी कानाला लावून दोनदा छाती तपासली आणि मान हलवली. दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. बा दाराशी उभ्या होत्या. जे घडले ते त्यांच्या धर्मात बसत नव्हते, तरी त्या आल्या होत्या, आणि आत न येता उंबऱ्याबाहेर उभ्या राहून नवकार म्हणत होत्या.

पारिजातकाखाली यांनी खड्डा खणला. डॉक्टरबेननी बजावले होते की तीन फूट तरी खोल हवा, कारण ते औषध अंगात राहते आणि एखाद्या कुत्र्याने उकरून खाल्ले तर त्याच्याही जिवावर बेतते. यांचे वय चौसष्ट. मध्येच थांबत, पाणी पीत, त्यांना दीड तास लागला. मी शेजारी बसून माती बाजूला सारत होते. सायप्रस बेटावर पुरातत्त्वज्ञांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, तिच्यात एक माणूस आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर वेगळा खड्डा करून पुरलेले आठ महिन्यांचे मांजर होते. ही बातमी मी २००४ साली वाचली होती, चिवडी येण्याच्या तीन वर्षे आधी, आणि तेव्हा त्यातले शास्त्रच तेवढे मनात राहिले होते. मातीत बसले असताना मला त्या दुसऱ्या खड्ड्याची आठवण झाली. बेटावर रानमांजरे मुळात नव्हती. म्हणजे कुणीतरी त्या जातीला होडीतून समुद्रापार नेले होते, आणि मग कुणीतरी त्या एका मांजरासाठी वेगळी माती उकरली होती. त्या माणसांची नावे, भाषा, देव काही उरले नाही.

तिला नऊवारीच्या घडीतच गुंडाळले. हळदीकुंकू वाहावे की नाही याचा मला उलगडा होईना, म्हणून पारिजातकाच्या बुंध्याशी उरलेली दोन सुकलेली फुले ठेवली. खणताना फुटभर खालून मांज्याचा एक गुंता निघाला होता, रंग पुरता उडालेला, तरी न तुटणारा. सतरा वर्षे इतके जपून वेचूनही माझ्या नजरेतून काही निसटले होतेच, आणि ते तिला कधी सापडले नव्हते.

नंतरच्या आठवड्यात भेटायला आलेल्या बहुतेकांनी ‘सुटली बिचारी’ असे म्हटले. ते सगळे प्रेमाने म्हणत होते, म्हणून मी मान हलवली. घरात सलाईनच्या चार न फोडलेल्या बाटल्या आणि सुयांचे पाकीट उरले होते. ते मी डॉक्टरबेनकडे पोचवले. त्यांच्याकडे तेव्हा मूत्रपिंडाच्या आजाराचे दुसरे एक मांजर येत होते आणि ज्या मुलाचे ते होते त्याचा हात पहिल्या दिवशी माझ्यासारखाच कापत होता. मी त्याच्या शेजारी बसले, कातडीचा तंबू कसा करायचा ते दाखवले आणि बाटली आधी कोमट करायची असते, हे सांगितले.

घरी परत आले तेव्हा ऊन कलले होते. गॅलरीच्या कठड्यावरून गुलाबी मांज्याचे एक टोक वाऱ्यावर हलत होते. मी ते ओढून घेतले, बोटांभोवती गुंडाळले, मग कुंड्यांच्या मागे पाहिले, पागोळीखाली पाहिले, गच्चीवर जाऊन टाकीच्या नळापाशी अडकलेला आणखी एक तुकडा सोडवला. अंधार पडेपर्यंत सगळी गच्ची पाहून झाली. खाली आले तेव्हा मुठीत लिंबाएवढी गुंडी झाली होती.